पाण्याची पाळी

शुक्रवारी आम्ही रुस्ताकच्या पुढे जातो, खल्फानच्या शेतावर.
शेत म्हणजे चाळीस खजुरी, लिंबाची आठ झाडं,
शेळ्यांपुरता लसूणघास
आणि डोंगराच्या पोटातून निघालेला फलज.
शाल्वी पहिल्याच दिवशी त्याला 'पाट' म्हणाली.
अझ्झाने शब्द उचलला.
आता त्यांच्या घरात सगळेच पाट म्हणतात,
ट वर जरा अडखळतात, एवढंच.

मस्कतच्या फ्लॅटमध्ये
शाल्वी गॅलरीतही चप्पल घालून जाते.
इथे चपला गाडीतच राहतात.
अझ्झाचा भाऊ मुहन्नद सहा वर्षांचा आहे
आणि त्याला सगळं ठाऊक असतं:
कुठल्या दगडाखाली विंचू आहे,
कुठल्या दगडाखाली असू शकतो,
सांडा बिळात शिरला की शेपटी का धरायची नाही,
नर झाडाचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात कसा खोचायचा.
शाल्वीने तुरा झटकला, नाक पिवळं झालं,
म्हणाली, ओल्या पिठाचा वास येतोय.
मुहन्नदने हुंगून पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं.

मोकळ्या जागेत एक खांब पुरलाय, भोवती रांगेने दगड.
मोबाईल इथे शेळ्या राखणाऱ्याकडेही आहे,
पण पाणी सुटतं ते सावलीवरच.
सावली तिसऱ्या दगडाला टेकली
की हमूदचं पाणी संपतं, खल्फानचं सुरू होतं.
'आज तुम्ही बघा,' खल्फान मुलांना म्हणाला
आणि टोपी डोळ्यांवर ओढून आडवा झाला.
मला त्याच्या अरबीत ऐकू आलं: आज दारं तुम्ही धरा.

दारं धरायची ती पाटात पाय सोडून बसली.
बोटाएवढे मासे येऊन टाचेची मेलेली कातडी खातात;
शाल्वीला गुदगुल्या, अझ्झाला शाल्वीचं हसू,
मुहन्नद मासे मोजतोय, चुकतोय, पुन्हा एकपासून.
मला दिसत होतं सावली सरकताना.
मी बोललो नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

धावत गेली तेव्हा सावली दगडाच्या दोन बोटं पुढे.
खल्फान रागावला नाही. म्हणाला,
जा, हमूदला सांगून या.
'पण पाणी तर आपलंच गेलं,' शाल्वी म्हणाली.
'म्हणून तर. त्याच्याकडे आपलं काहीतरी राहिलंय.'

हमूदने ऐकून घेतलं. मातीवर दोन बोटं टेकवून पाहिली.
पुढच्या शुक्रवारी मी दोन बोटं आधी बंद करतो, म्हणाला,
आणि तिघांना एकेक लिंबू दिलं.

मग चिंध्या गुंडाळलेला दगड तिघांनी मिळून उपसला.
पाणी आळ्यात शिरलं,
पुढ्यात वाळकी पानं, मुंग्या, खजुराची बी, एक निळं बूच.
मुहन्नद पाण्याच्या पुढे पळत
प्रत्येक झाडाला सांगत सुटला: आलं, आलं.

मी जनरेटरचे सुटे भाग विकतो.
गावी आमच्या सातबाऱ्यावर
विहिरीत एक आणा चार पैचा हिस्सा आहे, चुलत्यांबरोबर.
दर मे महिन्यात जातो.
शाल्वीला त्या विहिरीवर एकदाही नेलं नाही:
कठडा नाही, जनावर असतं, ऊन लागेल.
इथे ती विंचवाचा दगड काठीने उलटत होती
आणि मी खजुरीला टेकून, हातात चहा, बघत उभा होतो.

परतताना डॅशबोर्डवर लिंबू
वळणावळणाला इकडून तिकडे घरंगळत होतं.
झोपली असेल असं वाटलं तेवढ्यात मागून:
'बाबा, आपल्या विहिरीत आपली किती बोटं?'

मी गाडीचा वेग कमी केला.
चार पैची किती बोटं होतात
मला कुणी शिकवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.
'मोजायला लागेल,' म्हणालो.
'खांब आहे का तिथे?'
नाही. एक बाभूळ होती.
असेल अजून.